क्वार्टरबॅक मुलाला सर्जन व्हायचंय

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू. मार्क उत्तम आहेत. सर्जन व्हायचं म्हणतो, पण कॉलेजातही खेळणारच, असा हट्ट आहे. ह्यांचं म्हणणं, खेळ सोड आणि बारावीनंतरच मेडिकलची जागा राखून ठेवणाऱ्या बीएस-एमडीला अर्ज कर. घरात रोज वाद होतात. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

मुलाच्या बाबांची घाई मला समजते. भारतात बारावी आणि लगेच एमबीबीएस, या हिशेबावर आपण वाढलो. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं एमडी (तिकडची डॉक्टरकीची पहिली पदवी), त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण : जनरल सर्जरी किंवा ऑर्थोपेडिक्सला पाच वर्षं, न्यूरोसर्जरीला सात. मुलगा जी वर्षं खेळायची म्हणतो, ती पदवीची आहेत. तेव्हा 'फुटबॉल की डॉक्टरकी' याचा निकाल आज लावायची गरजच नाही.

तुमच्याच राज्यात, गॅलोवेत वाढलेल्या मायरन रोलचं उदाहरण त्याच्या बाबांना जरूर सांगा. तो क्वार्टरबॅक नव्हता, सेफ्टी होता, म्हणजे बचावफळीतला शेवटचा गडी. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाकडून खेळता खेळता त्यानं अडीच वर्षांत पदवी पुरी केली. नोव्हेंबर 2008 मध्ये ऑक्सफर्डला शिकायला मिळणाऱ्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत आणि मेरीलँडविरुद्धचा सामना एकाच दिवशी आले. त्यानं अलाबामातल्या बर्मिंगहॅमला मुलाखत दिली, निवड झाल्याचं ऐकलं आणि खास विमानानं सामना गाठला. पुढचा हंगाम सोडून तो ऑक्सफर्डला गेला. 2010 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत टेनेसी टायटन्स संघानं त्याला सहाव्या फेरीत घेतलं, पण लीगच्या नियमित हंगामात एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. ही गोष्ट मुलाला मुद्दाम सांगा. इतक्या गुणी खेळाडूचाही खेळ पंचविशीच्या आसपास संपला. मग तो मेडिकलला गेला, 2017 मध्ये एमडी झाला आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात न्यूरोसर्जरीच्या रेसिडेन्सीला लागला. तिशीत एमडी! तिकडे याला कोणी उशीर म्हणत नाही.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. मेडिकलला जायचं तर जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑरगॅनिक (सेंद्रिय रसायनशास्त्र), भौतिकशास्त्र, बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही लागते. यांच्या लॅब बऱ्याचदा दुपारी असतात आणि फुटबॉलचा सरावही तेव्हाच. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमानं डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, हंगामात सक्तीचा सराव आठवड्याला 20 तासांपर्यंतच घेता येतो, पण प्रवास आणि स्वतःहून बघायचे सामन्यांचे व्हिडिओ त्यात धरत नाहीत. क्वार्टरबॅकला तर अख्ख्या संघाच्या चाली पाठ कराव्या लागतात. आणि मेडिकलच्या अर्जात विज्ञान-गणिताची सरासरी वेगळी काढली जाते. ऑरगॅनिकमधली 'सी' श्रेणी 'मी खेळत होतो' म्हणून माफ केली जात नाही.

म्हणून कॉलेज निवडताना स्टेडियम किती मोठं, हे बघू नका. आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ नामवंत विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. घरच्या उत्पन्नावर मदत मिळू शकते. खर्चाचा आकडा आधी मांडून बघा. पण अभ्यासू मुलासाठी मला ही कॉलेजं जास्त योग्य वाटतात. प्रशिक्षकाला त्यानं स्वतः विचारावं : सध्याच्या संघातले किती जण प्री-मेड (मेडिकलच्या तयारीतले) आहेत? लॅब आणि सराव एकाच वेळी आले तर काय करता? त्या खेळाडूंपैकी एकाशी बोलू द्याल का? उत्तर टाळलं, तर ते कॉलेज यादीतून काढा. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, एमकॅटची, तयारी हंगामात नको; पदवीनंतर एखादं वर्ष थांबून मेडिकलला जाणारे पुष्कळ आहेत.

बीएस-एमडीबद्दल त्याच्या बाबांना एवढंच सांगेन : जागा कमी, चुरस जबरदस्त. मुलाला मनापासून हवं असेल तर अर्ज करू दे, पण खेळ सोडायची अट घालून नको.

एका बाबतीत मात्र मी बाबांच्या बाजूनं आहे. डोक्याला मार लागला, गरगरलं, आठवेनासं झालं, तर ते लपवायचं नाही आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही. दुसऱ्यांदा झालं तर खेळ चालू ठेवायचा का, हे न्यूरॉलॉजिस्टला विचारून ठरवा. फेकायच्या हाताची बोटं दुखावली तरी टेप गुंडाळून खेळू नये, हँड सर्जनला दाखवावं. हे त्याच्याकडून येत्या हंगामाआधी, तिघांनी एकत्र बसून कबूल करून घ्या.