पीओपीत नवीन एलईडी पॅनल बसवला, पंखा फिरतो पण लाइट लागत नाही. काय बघू?

भावा, पंखा फिरतोय म्हणजे खोलीत सप्लाय आहे. आधी एमसीबी (मेन बोर्डातला सेफ्टीचा खटका) पाड, मगच शिडीवर चढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या वायरीवर) असतं, मग बटण बंद असलं तरी लाइटच्या वायरीला शॉक बसू शकतो.

पॅनलच्या वायरीला छोटी डबी असते, तो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तसा करंट देणारा. त्याची पिन पॅनलमध्ये घट्ट दाब. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी एवढंच निघालं, आणि मी उगाच वायरमनला शिव्या घालत बसलो होतो!

तरी नाही लागला तर वायरमनकडून टेस्टर लावून घे. बटण चालू असताना दोन्ही वायरींवर टेस्टर पेटला तर न्यूट्रल सुटलाय. कुठंच नाही पेटला तर बटणामागचा स्क्रू ढिला असेल. २३० व्होल्ट नीट येत असतील तर ड्रायव्हरच गेला, बिल घेऊन दुकान गाठ.