सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पात मेम्ब्रेन बसवावे का? ते पाणी फ्लशला चालेल का?

फ्लशला चालेल आणि बागेलाही चालेल. अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेनची, म्हणजे अतिसूक्ष्म गाळणीची, छिद्रे साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉन असतात, त्यामुळे गाळ आणि जिवाणू अलीकडच्या बाजूलाच अडतात. नामिबियातील विंडहूक शहर तर १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्यासाठी वापरत आहे आणि २००२ पासूनच्या तेथील नव्या प्रकल्पात अल्ट्राफिल्ट्रेशनही आहे; तेव्हा फ्लशच्या पाण्यावरून नाके मुरडण्याचे कारण नाही.

‘मेम्ब्रेन टिकत नाही’ असे आपल्या समितीचे म्हणणे असल्याचे आपण लिहिले आहे. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या सभांमध्ये मी हेच ऐकत आलो आहे. आमच्याकडे पोकळ तंतूंचे मेम्ब्रेन जैविक टाकीतच बुडवलेले आहे. ब्लोअरने, म्हणजे हवा सोडणाऱ्या यंत्राने, टाकीत सोडलेली हवा सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू पुरवते आणि तंतू हलते ठेवून त्यांच्यावर गाळ साचू देत नाही. आमच्या तत्कालीन खजिनदारांना मात्र ब्लोअरमध्ये केवळ विजेचे बिल दिसत असे. त्यांनी रात्री ब्लोअर बंद ठेवायला लावले, पण सकाळी टाक्या भरलेल्या हव्यात म्हणून मेम्ब्रेनमधून पाणी ओढणारा पंप चालूच ठेवला. गाळाचा थर तंतूंवर घट्ट बसला, पंपाची ओढ दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटा चढत गेला, पाणी घटले आणि टँकर सुरू झाले. दोन मिलिमीटरची चाळणीही त्यांनीच खर्चिक म्हणून नाकारली होती, त्यामुळे तंतूंना केस आणि वेट वाइप्स यांचे वेढे पडले होते. ते मी सर्वांसमक्ष सोडवून दाखवले. आधी हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) आणि मग सायट्रिक आम्लाने धुतल्यावर प्रवाह बराचसा परत आला, तरीही इतिवृत्तात ‘मेम्ब्रेन सदोष’ हीच नोंद कायम राहिली.

माझे स्पष्ट मत असे, की ब्लोअर, चाळणी आणि प्रशिक्षित ऑपरेटर यांचा खर्च ज्यांना जड वाटतो त्यांनी मेम्ब्रेनच्या वाटेला जाऊ नये. ब्लोअर किती तास चालले याची नोंदवही सभासदांना केव्हाही पाहता आली पाहिजे आणि ती खजिनदारांच्या कपाटात मुळीच नसावी.

पाणी किंचित पिवळसर दिसले तरी मेम्ब्रेन फाटले असे समजू नये. विरघळलेला रंग त्यातून पार होतो. विरघळलेले क्षारही पार होतात, म्हणून नाजूक झाडांना हे पाणी देण्यापूर्वी टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजावा. पुढील टाकीत थोडे क्लोरीन राहू द्यावे. फ्लशसाठी स्वतंत्र नळवाहिनी नसेल, तर मेम्ब्रेनचे दरपत्रक मागवण्याआधी तिचा खर्च काढावा, कारण पिण्याच्या वाहिनीला हे पाणी कोठेही जोडले जाता कामा नये.