वाचकांचे प्रश्न : सात हजारांचे यंत्र रुग्णालयाने का नाकारले?

प्रश्न : २०२० च्या टाळेबंदीत आम्ही आयटीआयच्या तीन निदेशकांनी गाडीच्या वायपरची मोटर, क्रँक आणि लाकडी चौकट वापरून अंबू बॅग (रुग्णाला श्वास देण्यासाठी हाताने दाबायची पिशवी) आपोआप दाबणारे यंत्र सात हजारांच्या आत तयार केले होते. एका रुग्णालयात ते घेऊन गेलो, तेव्हा तेथील भूलतज्ज्ञांनी दोन मिनिटे पाहून ते परत केले. पुढच्याच वर्षी व्हेंटिलेटर मिळाला नाही म्हणून आमच्या ओळखीची माणसे गेली. काहीच नसण्यापेक्षा आमचे यंत्र बरे नव्हते का? ते अजून कपाटावर आहे. त्याचे आता काय करावे? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मी स्वतः भूलतज्ज्ञ आहे आणि त्या दिवशी तेथे असतो तर मीही आपले यंत्र परत केले असते, मात्र दोन मिनिटांत नव्हे, आणि कारण सांगितल्याशिवाय तर नक्कीच नव्हे. ते कारण आपल्याला आज तरी मिळायला हवे.

अंबू दाबणे म्हणजे काय, हे सरकारी रुग्णालयात रात्र काढलेल्या कोणालाही विचारावे. मी निवासी डॉक्टर असताना व्हेंटिलेटर मोकळा नसला की रुग्णाला नळी घालून बॅग नातेवाइकाच्या हातात देण्याची वेळ येत असे. एका म्हाताऱ्याच्या उशाशी बसलेला त्याचा मुलगा मला अजून आठवतो. मी शिकवल्याप्रमाणे तो ‘दाब, सोड, थांब’ असे पुटपुटत होता. पहाटे तीनच्या सुमारास त्याला डुलकी लागली तरी बोटे चालूच होती, पण बॅग निम्मीच दाबली जात होती आणि हे त्याच्या लक्षात आले नव्हते. त्याच्या जागी मोटर असती तर ती दमली नसती, हे खरे. पण बॅगेची नळी निसटली असती, तरी मोटर तितक्याच इमानाने हवेत बॅग दाबत राहिली असती.

हाताने दिलेल्या श्वासाने माणसे वाचतात, याचा मोठा पुरावा १९५२ मधील कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीने दिला. तेथील ब्लेग्डाम रुग्णालयात सुरुवातीच्या काळात जुन्या पद्धतीच्या श्वसनयंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसवण्याचा आणि रबरी पिशवीने श्वास देण्याचा मार्ग दाखवला, आणि मग सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. (आपण वापरलेली, आपोआप फुगणारी अंबू बॅगही डेन्मार्कचीच, ती १९५६ च्या सुमारास बाजारात आली.) हा दाखला २०२० मध्ये पुष्कळांनी दिला, परंतु त्यातला महत्त्वाचा फरक सांगायचा राहून गेला. पोलिओच्या त्या रुग्णांचे स्नायू लुळे पडले होते, फुप्फुसे मात्र बहुतांशी धड होती. कोविडच्या गंभीर रुग्णाची गोष्ट नेमकी उलटी असते : स्नायू शाबूत, पण फुप्फुस पाणी भरलेल्या स्पंजासारखे जड आणि ताठर.

अशा फुप्फुसात हवा कोंबली की ते आणखी बिघडते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत, दर किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले, आणि तेव्हापासून जगभरचे अतिदक्षता विभाग त्या आकड्याला धरून चालतात. हे वजन काट्यावरचे नव्हे, उंचीवरून काढलेले असते. ते साठ किलो धरले तर एका श्वासाला ३६० मिलिलिटर हवा लागते. मोठ्यांच्या अंबू बॅगेत सुमारे दीड लिटर हवा मावते. आपला क्रँक ती किती दाबतो हे आपल्याला ठाऊक असेल. पण त्यातली किती हवा आत गेली, आतला दाब किती चढला आणि किती हवा परत आली, हे यंत्राला ठाऊक नव्हते. शिवाय श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडा दाब राखावा लागतो, नाहीतर त्यातले हवेचे फुगे मिटून चिकटतात. तशी झडप बॅगेला जोडता येते, मात्र तो दाब टिकतो आहे की नाही हे पाहणारे आणि बिनसले की बोंब मारणारे काहीतरी हवे. आणखी एक साधा हिशेब आपल्यासारख्या यंत्र जाणणाऱ्याला लगेच पटेल. मिनिटाला वीस श्वास म्हणजे दिवसाला २८,८०० दाब, आणि कोविडचा रुग्ण व्हेंटिलेटरवर दहा-पंधरा दिवस सहज राहत असे. बॅग इतक्या वापरासाठी घडवलेलीच नसते.

या वाटेने गेलेले आपण एकटे नव्हता. मार्च २०२० मध्ये महिंद्राच्या कांदिवली आणि इगतपुरी येथील अभियंत्यांनी अंबू बॅग दाबणारे यंत्र साडेसात हजारांच्या आत बसवता येईल असे जाहीर केले होते. अतिदक्षता विभागातला व्हेंटिलेटर तेव्हा पाच ते दहा लाखांना पडत असे. ब्रिटनमध्ये सरकारनेच उद्योगांना हाक दिली, व्हॅक्यूम क्लीनर बनवणारी डायसनसारखी कंपनी कामाला लागली, आणि एप्रिल अखेरपर्यंत तिच्या यंत्राची गरज नसल्याचे तिला कळवण्यात आले. सौर पॅनेल पुसणारे रोबो बनवणारी पुण्याची नोक्का रोबोटिक्स ही मंडळी पन्नास हजारांचे लक्ष्य ठेवून उतरली आणि आयआयटी कानपूरच्या पाठबळावर अतिदक्षता विभागासाठीचा व्हेंटिलेटर घेऊन बाहेर आली.

माझ्या मते त्या काळातला खरा जुगाड वेगळ्याच जागी यशस्वी झाला. इटलीत ब्रेशियाजवळच्या कियारी येथील रुग्णालयात ऑक्सिजनच्या मास्कला लागणारी छोटी झडप संपली, तेव्हा इसिनोव्हा या कंपनीने ती थ्रीडी प्रिंटरवर छापून दिली. पुढे त्यांनीच पोहण्याच्या दुकानात मिळणाऱ्या मास्कला जोड बसवून दाबाने ऑक्सिजन देण्याची सोय केली. ढाक्यात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी तर साथीच्या कितीतरी आधी शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून न्यूमोनिया झालेल्या बालकांसाठी हेच काम साधले होते : श्वास सोडण्याच्या नळीचे टोक पाण्यात जितके सेंटिमीटर खोल, तितका दाब फुप्फुसात उरतो, आणि बुडबुडे दिसत आहेत तोवर सारे ठीक असल्याचे परिचारिकेला लांबूनही समजते. रुग्ण स्वतः श्वास घेत असतो, म्हणून नळी निसटली तरी तो त्याच क्षणी मरत नाही. ‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ हा आपला युक्तिवाद मला येथे मान्य आहे. भूल देऊन, स्नायू सैल करून ज्याचा स्वतःचा श्वास आपणच थांबवला आहे, त्याच्या बाबतीत मात्र तो मान्य करता येत नाही.

यंत्र मोडीत काढू नका. रबरी कृत्रिम फुप्फुस आणि दाब दाखवणारा मीटर जोडून ते जवळच्या नर्सिंग महाविद्यालयाला द्या. किती दाबले की किती हवा जाते, हे तेथील मुलींना फळ्यावर शिकवून समजत नाही. रुग्णाला ते जोडायचे नाही, एवढे त्यावर ठळक लिहा.

प्रश्न : एका व्हेंटिलेटरवर दोन रुग्ण का ठेवत नाहीत? आणि सरकारने दिलेली यंत्रे खोक्यांतच का पडून राहिली? – एक वाचक, बीड

उत्तर : पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. दोन फुप्फुसे सारखी ताठर नसतात. जी हवा एकाला कमी पडते ती दुसऱ्याला जास्त होते, आणि यंत्राला दोघांची बेरीजच दिसते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील अतिदक्षता आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र निवेदन काढून याला विरोध केला होता.

दुसरा प्रश्न आपल्या मराठवाड्याचाच आहे. २०२१ मध्ये तेथील रुग्णालयांसाठी आलेल्या १५० व्हेंटिलेटरबाबत डॉक्टरांनी तक्रारी केल्या, केंद्राने दोष यंत्रांचा नसून मांडणीचा आणि हाताळणीचा असल्याचे सांगितले, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. त्या वादात न शिरताही एवढे सांगता येते की, व्हेंटिलेटरला योग्य दाबाचा ऑक्सिजन, अखंड वीज आणि रात्रपाळीला तो वाचता येणारा माणूस लागतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून ऑक्सिजनचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. सिलिंडरचा हिशेबही सोपा नाही : जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो, आणि नाकातून मिनिटाला ६० लिटर शुद्ध ऑक्सिजन घेणाऱ्या एका रुग्णाला तो दोन तासही पुरत नाही.

आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात व्हेंटिलेटर किती, हे विचारून फारसे कळणार नाही. ऑक्सिजनचा प्रकल्प शेवटचा कधी चालवला आणि यंत्रांची शेवटची तपासणी कोणत्या तारखेची आहे, ते विचारा. ती तारीख बहुधा यंत्राच्या मागच्या बाजूला चिकटवलेली असते.