मठ्ठ्याच्या ग्लासाला मिशी

प्रश्न : काका, वय 21, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मिसरूड फुटतं म्हणतात ते माझं बहुतेक फुटायचंच विसरलंय. परवा मोबाईलचा टॉर्च लावून आरशात मोजले, हनुवटीवर 17 केस, त्यातले 11 डावीकडे, म्हणजे उजवी बाजू अजून बालवाडीत आहे. ढोल पथकात नाव घातलं तर तिथल्या दादाने वरपासून खालपर्यंत बघून हातात टोल दिला, तो आमच्याकडे शाळेतली पोरं वाजवतात. बाकी सगळे चंद्रकोर, झब्बा, कोरलेली दाढी आणि मधे मी, हरवलेल्या मुलासारखा. कांद्याचा रस लावून झाला (आई विचारते भजी कोण करतंय), एरंडेल झालं, सलूनवाला म्हणाला रोज वस्तरा फिरव म्हणजे दाट येते, म्हणून दोन महिने तेही केलं. कळस झाला मामेभावाच्या लग्नात. ताईच्या आयब्रो पेन्सिलने बारीक मिशी काढून गेलो, फोटोत बरी आली पण, मग पंगतीत मठ्ठा प्यायलो, ग्लास खाली ठेवला तर अर्धी मिशी ग्लासाच्या काठाला! समोरची मुलगी वाढप्याला म्हणाली, यांना ग्लास बदलून द्या, हा खराब आहे. आता मित्र म्हणतोय मिनॉक्सिडिल लाव. लावू का? आमच्या मनीला पण माझ्यापेक्षा बऱ्या मिशा आहेत.
– टोलवाला, सातारा

उत्तर : अरे बाळा, (बाळा म्हटलेलं आवडणार नाही तुला, पण निघून गेलं तोंडातून) पत्र वाचून आधी मनसोक्त हसून घेतलं. त्या मुलीने ग्लासच खराब म्हटला, तुझं नाव नाही घेतलं, भली आहे पोरगी.

वस्तऱ्याचं पहिलं सांगतो, कारण ही थाप आमच्या वेळेपासून चालू आहे. 1928 साली मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन बाईंनी चार पुरुषांना एकाच पद्धतीने, एकाच साबणाने दाढी करायला लावून ते कापलेले केस मोजले होते, ना जाडी वाढली ना वेग. केसाचं टोक निमुळतं असतं, वस्तऱ्याने ते सपाट कापलं जातं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. मूळ कातडीच्या आत बसलंय, वर काय चाललंय त्याला पत्ता नाही. कांदा, एरंडेल, बिअर्ड ऑइल यांचंही तेच, आलेली दाढी मऊ होईल फार तर, न आलेली येणार नाही.

मग येते कशाने, तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आणि त्यापासून शरीरात बनणारं दुसरं हार्मोन, डीएचटी, आणि मुळं त्याला किती दाद देतात हे ठरतं आईबाबांकडून आलेल्या वारशावर. म्हणजे दाढी नाही म्हणजे आत काहीतरी कमी आहे असं अजिबात नाही, आवाज फुटलाय, बाकी सगळं वयाप्रमाणे झालंय ना, मग सोड ती चिंता. ते झालं नसेल, किंवा असलेल्या केसांत नाण्याएवढा गोल चट्टा पडला (चाई म्हणतात ती), तर मात्र डॉक्टरला दाखव, तिथे लाजू नकोस. नाहीतर पंचविशीपर्यंत, कित्येकांची त्यानंतरही, दाढी भरत राहते. बाबांचा तुझ्या वयाचा एखादा कॉलेजातला फोटो शोध, मामांचाही बघ, अर्धं उत्तर तिथेच मिळेल. आणि गंमत बघ, गालावर केस उगवणारं हेच डीएचटी ज्यांच्या नशिबात असेल त्यांचं टक्कल पण पाडतं. माझंच घे, नववीत असताना मास्तर वर्गात दाढी करून ये म्हणायचे, तेव्हा काय मिरवलो मी, आणि तिशीत कंगवा भाच्याला देऊन टाकला. तेव्हा पथकातल्या त्या दादाचं कपाळ जरा निरखून बघ.

आता मिनॉक्सिडिल. मूळची ही ब्लडप्रेशरची गोळी, ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस यायला लागले म्हणून मग डोक्याला लावायचं औषध झालं. दाढीला लावून काहींना फरक पडतो, पण ते औषध काढलंय डोक्यासाठी, त्यामुळे त्वचेच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, मित्राच्या बाटलीतून तर नकोच. खाज, सोलपटं, कधी छातीत धडधड, असले प्रकार होतात. आणि मुख्य म्हणजे मनी! मांजरांना मिनॉक्सिडिल विषारी आहे, तुझ्या गालाला किंवा उशीला लागलेलं चाटलं तरी जिवावर बेतू शकतं. तिच्या मिशांवर जळतोस ते ठीक आहे रे, पण एवढा सूड नको. मांजर घरात आहे तोवर मी तरी तुला हो म्हणणार नाही.

अजून एक किस्सा सांगतो. 1970 साली 'नेचर' या मोठ्या विज्ञान पत्रिकेत एका संशोधकाने नाव न छापता लिहिलं होतं की तो आठवडेच्या आठवडे एका दूरच्या बेटावर एकटा राहायचा, शेव्हरमधले केस रोज तोलायचा, आणि परत प्रेयसीकडे जायचे दिवस जवळ आले की वजन वाढायचं. आता एका माणसाच्या हिशेबावर किती विश्वास ठेवायचा ते तू ठरव, पण त्या ग्लासवाल्या मुलीचं नाव मामेभावाला विचारायला काय हरकत आहे.

तोपर्यंत ते 17 केस एकतर सगळे ठेव नाहीतर सगळे काढ, 11 विरुद्ध 6 असा सामना चेहऱ्यावर चालू ठेवू नकोस. बाबांचा फोटो सापडला की त्यांचं तेव्हाचं वय लिहून कळव. आणि ताईला नवी पेन्सिल घेऊन दे, वॉटरप्रूफ घे.