पेजमेकरचं बिऱ्हाड हलवताना

प्रश्न : नारायण पेठेत माझं छोटं डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, सोसायट्यांची पत्रकं आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. सगळं काम अजून विंडोज एक्सपीवरच्या पेजमेकर ७ मध्ये, म्हणजे पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये चालतं. तो संगणक हल्ली मध्येच बंद पडतो, म्हणून तापकीर गल्लीतून ऑफिसातून निघालेला एक आय५ प्रोसेसरचा संगणक घेतला, ६४ बिट विंडोज १० असलेला. दुकानदाराने जुन्या डिस्कवरचं ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डर जसंच्या तसं उतरवून दिलं. प्रोग्रॅमची चित्रं (आयकॉन) दिसतात, उघडत काहीच नाही. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं कुलूप (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही तो डोंगल) मागच्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टला लागतं, ते पोर्टच नव्यात नाही. भाचा म्हणतो, मावशी, जुनं टाक, सगळं युनिकोड कर, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या मराठीत आण. वीस वर्षांचं काम आहे हो त्यात!
— एक डीटीपीवाली, नारायण पेठ

उत्तर : ताई, भाच्याचं म्हणणं चूक नाही, फक्त उतावळं आहे. आणि दुकानदाराने शेगडी उचलून आणली, गॅसची नळी जुन्याच घरात राहिली. प्रोग्रॅम बसवताना तो निम्म्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या नोंदवहीत, आणि सिस्टीमच्या फोल्डरात करून ठेवतो. नुसतं फोल्डर आणलं तर त्या नोंदी येत नाहीत. ते फोल्डर खुशाल पुसा. मूळ सीडी आणि सीरियल नंबर मात्र आजच शोधून एका पाकिटात ठेवा.

आता फाइल्स. जुना संगणक मध्येच बंद पडतो म्हणजे डिस्कच गेली असं नाही. एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) थकलेला असतो किंवा प्रोसेसरवरच्या पंख्यात धूळ बसलेली असते. दोन्ही दुरुस्त्या स्वस्तातल्या आहेत, करून घ्या, कारण हा संगणक अजून लागणार आहे. पण त्याआधी डिस्क बाहेर काढून तिची पूर्ण प्रत घ्या. रुंद पट्टीची केबल असेल तर ती आयडीई, म्हणजे जुन्या जोडणीची डिस्क. तिच्यासाठी यूएसबी कन्व्हर्टर मिळतो. स्वतंत्र पॉवर अडॅप्टरवालाच घ्या, नुसत्या यूएसबीवर ती मोठी डिस्क फिरणार नाही. नव्या संगणकाला जोडलीत की काहीही उघडण्यापूर्वी अँटिव्हायरसने तपासा. प्रेस ते डीटीपी असे पेन ड्राइव्ह फिरवणाऱ्या आपल्या पेठांत शॉर्टकट व्हायरस नसलेली जुनी डिस्क मी क्वचितच पाहिली आहे. फोल्डर गायब दिसले तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते या व्हायरसने लपवलेले असतात. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ उघडताना परवानगी नाही असं आलं, तर फोल्डरची मालकी आपल्या नावावर करून घ्या. डेस्कटॉपवर टाकलेलं सगळं त्यातच असतं, आणि डीटीपीवाले सगळं डेस्कटॉपवरच टाकतात. फॉन्टचं फोल्डरही विसरू नका.

मग डिस्क परत जुन्या संगणकात बसवा, त्याची इंटरनेटची केबल काढा (एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळणं २०१४ च्या एप्रिलमध्येच थांबलं), आणि महत्त्वाच्या फायली एकेक करून पेजमेकरमध्ये उघडून पीडीएफ काढा, सगळे फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे पीडीएफच्या आतच बसवून. हे कंटाळवाणं आहे, पण पान जसं छापलं तसं कुठेही दिसण्याची हमी फक्त यात आहे. सगळ्या फायली नकोत. दरवर्षी तारीख बदलून छापायचा अहवाल हवा, दिवाळी अंक हवेत. लग्नं लागून गेलेल्या पत्रिकांचे दोन-चार नमुने पुरेत.

पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, आणि त्यापुढे आवृत्ती नाही. नव्या विंडोजवर ते कधी चालतं, कधी मध्येच मान टाकतं. धंदा त्यावर ठेवू नका. पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या ६ आणि ७ च्या फायली उघडतात, नंतरच्या उघडत नाहीत. ओळखीच्या प्रेसमध्ये सीएस६ असेल तर ठेवणीतल्या फायली तिथे बसून बदलून आणा. ओळी सरकतील, तपासाव्या लागतील.

कुलपाचं म्हणाल, तर यूएसबीतून पॅरलल पोर्ट काढणारी केबल घेऊ नका. ती प्रिंटरपुरती असते, कुलूप तिला सहसा जुमानत नाही. फॉन्टच्या कंपनीला जुन्या कुलपाचा नंबर सांगून विचारा, बदल्यात यूएसबी कुलूप किंवा नवी आवृत्ती किती पैशांत देता.

राहता राहिलं युनिकोड. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये अक्षरं नसून अक्षरांचे तुकडे साठवलेले असतात, तेही डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने. ‘वार्षिक’ घ्या. जुन्या फॉन्टमध्ये ‘वा’नंतर आधी पहिली वेलांटी, मग ष, मग रफार. युनिकोडमध्ये आधी र आणि हलन्त, मग ष, शेवटी वेलांटी. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टर प्रोग्रॅमला हा सगळा क्रम उलटवावा लागतो. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही फॉन्टची सॉफ्टवेअरं, प्रत्येकाचे तुकडे वेगळे, त्यामुळे कन्व्हर्टरही नेमका त्याच फॉन्टचा हवा. तरीही रफार आणि जोडाक्षरांवर मुद्रितशोधन करावंच लागेल. म्हणून जुना मजकूर पुन्हा छापायची वेळ येईल तेव्हाच बदला. नवं काम मात्र आजपासून युनिकोडमध्ये, भाच्याला बसवा मदतीला.

प्रश्न : ‘विंडोज ११ चालेल’ असं सांगून मला आय५-६५०० विकत आहेत. घेऊ का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नका घेऊ. डॅशनंतरचा ६ म्हणजे सहावी पिढी. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर सरसकट आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आडमार्गाने बसवून देतात, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा आय५-८५०० मागा, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घालून घ्या, आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या.