लाईट गेली तर सोलर चालतं का?

प्रश्न: दापोली तालुक्यात आईबाबांसाठी घर बांधतोय, चिऱ्याचं, वर स्लॅब. २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीत कित्येक दिवस लाईट नव्हती, विहिरीवरचा पंप बंद, फोन बंद. म्हणून सबसिडीतलं ३ किलोवॅट सोलर बसवायचं ठरवलंय. सोलरवाला म्हणतो आता लाईट गेली तरी टेन्शन नाही. खरंय का? आणि बॅटरी केवढी घेऊ?

उत्तर: नाही, हे खरं नाही, आणि ऑर्डर द्यायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. सबसिडीत सहसा बसवतात ती ऑन-ग्रिड सिस्टीम, म्हणजे बॅटरी नसलेली, थेट महावितरणच्या लाईनीला जोडलेली, तिचा इन्व्हर्टर लाईन गेली की आपोआप बंद होतो, वर कडक ऊन असलं तरी. मुद्दाम तसं केलेलं असतं, कारण वायरमन खांबावर चढलेला असताना तुमच्या घरातून करंट उलटा लाईनीत गेला तर त्याचा जीव जाईल. तुम्हाला लागणार हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाईन गेली की घर तिच्यापासून तोडून सोलर आणि बॅटरीवर चालवणारा, आणि सोबत बॅटरी. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात, पण ते पॅनेलच्या क्षमतेवर, बॅटरीचा खर्च आपला.

आता हिशोब. तो एप्रिलच्या उन्हावर करू नका, जूनच्या आभाळावर करा, कारण निसर्ग आलं ३ जूनला आणि तौक्ते पुढच्या वर्षी मे मध्ये, म्हणजे लाईट जास्त दिवस जाते तेव्हाच ऊन नसतं. ३ किलोवॅट वर्षाच्या सरासरीने रोज साधारण १२ युनिट देतं, पण दिवसभर काळंकुट्ट भरून राहिलं तर ३ युनिट मिळाले तरी खूप झालं. तेवढ्यात घर बसतं का? फ्रीज १ युनिट, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे ३० वॅटचे (साधा पंखा ७५ वॅट खातो, तो घेऊच नका) तीन पंखे दहा तास म्हणजे ०.९, एलईडी दिवे संध्याकाळचे ०.३, राऊटर आणि मोबाईल ०.३, एक एचपीचा पंप अर्धा तास धरा ०.४. जेमतेम ३ युनिट, म्हणजे बसतं. गीझर, एसी, इस्त्री, मिक्सर यातलं काहीच यात नाही हे मात्र आईबाबांना आधीच सांगून ठेवा. बॅटरी ५ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, त्यातले ४ युनिट बिनधास्त वापरता येतात, म्हणजे अजिबात ऊन नसलं तरी एक दिवस नि वर थोडं निघतं.

पण बॅटरीपेक्षाही मला वायरिंगची जास्त काळजी वाटते, कारण बॅटरी दोन वर्षांनी पण घेता येईल, चिऱ्याच्या भिंती परत फोडणं कोणालाच परवडत नाही. आत्ताच, गिलाव्याच्या आधी, इलेक्ट्रिशियनला सांगा की फ्रीज, पंखे, दिवे, राऊटर आणि पंप यांची लाईन वेगळी काढ आणि त्यांचा डीबी (स्विच-फ्यूजचा डबा) वेगळा बसव, हायब्रिडचं बॅकअप आउटपुट फक्त तिथेच येईल. हे केलं नाही आणि कोणीतरी गीझरचं बटण दाबलं की बॅटरी तासा-दोन तासात झोपते. बॅटरी पूर्ण रिकामी झाली तर काही इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशी ऊन आलं तरी चालूच होत नाहीत, तेव्हा सेटिंगमध्ये २० टक्के राखीव ठेवायला सांगा.

पंप चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, तेवढा इन्व्हर्टरला झेपतो का हे लेखी घ्या. वरची टाकी मोठी बांधा, १००० ऐवजी २००० लिटर. वादळाचा इशारा आला की बॅटरी आणि टाकी दोन्ही भरून ठेवायची.

स्ट्रक्चर स्लॅबमध्येच पक्कं अँकर केलेलं आणि हॉट डिप गॅल्व्हनाईज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) हवं, खारा वारा साधं लोखंड खाऊन टाकतो. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, आणि जवळचा माड कुठे सावली टाकतो ते दुपारी वर जाऊन बघा. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, मोजून घ्या, लाईटनिंग अरेस्टर (वीज पडली तर ती जमिनीत नेणारा) टाळू नका.

फोनचं मात्र खरं सांगतो, टॉवर बंद पडला किंवा खांबावरची फायबर तुटली तर घरात वीज असूनही फोन लागणार नाही, त्याला सोलरचा उपाय नाही.

प्रश्न: पुण्यात फ्लॅट आहे, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. लाईट दोन-तीन तास जाते. सोलर जोडू का?

उत्तर: फक्त लाईट जाते म्हणून असेल तर नको. त्या बॅटरीतून जपून वापरलं तर पाऊण-एक युनिट मिळतं, दोन-तीन तास पंखे दिवे आरामात चालतात, आणि लाईट आली की ती परत चार्ज होतेच. त्या पैशात पंखे बीएलडीसी करा, बॅकअप जवळजवळ दुप्पट होईल. डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर दोन महिन्यांनी बघत जा, आणि बॅटरी बंद कपाटात असेल तर बाहेर हवेशीर जागी काढा, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो पेट घेणारा वायू आहे.