मॉडच्या रेघा आणि फोंड्याचा रस्ता

"मॅडम, दहावीपर्यंत गणितात कधी अडली नाही. अकरावीत ते मॉड आलं आणि पोर वहीच उघडत नाही." अकरावीचे वर्ग सुरू झाले की फोंड्यातल्या माझ्या शिकवणीच्या खोलीत असं वाक्य हटकून ऐकू येतं. गणिताचा धसका बहुतेक वेळा अर्थ हरवल्याचा असतो, बुद्धीचा नसतो, असं माझं ठाम मत आहे.

ही मुलगी म्हार्दोळची. वहीत मॉडच्या, म्हणजे केवल मूल्याच्या, उभ्या रेघा इतक्या दाबून काढलेल्या, की मागच्या पानावर उमटल्या होत्या.

"या रेघा काय करतात?"

"मायनस काढून टाकतात."

"आणि |क्ष − ७| मध्ये?"

ती गप्प झाली. डोळे भरून आले. पहिल्या दोन भेटी ते रडू ओसरण्यातच गेल्या.

तिसऱ्या भेटीत मी कागदावर एक सरळ रेघ ओढली. फोंडा शून्य, पणजीकडे अधिक, शिरोड्याकडे उणे. "तुझं घर ७ वर धर, मैत्रिणीचं उणे ४ वर. अंतर किती?"

"अकरा."

"वजाबाकी करून दाखव."

तिने ७ − (−४) मांडलं, ११ आले. मग मैत्रिणीकडून मोजायला सांगितलं. −४ − ७, उणे ११. पेन्सिल थांबली. बराच वेळ ती त्या उण्याकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. अशा शांततेत बोलायचं नाही, हे मी वर्षांनुवर्षांत शिकले आहे.

"मॅडम, हे उणे म्हणजे कुठल्या बाजूला जायचं ते. रेघा फक्त किती लांब ते विचारतात!"

त्या क्षणी मलाही कळलं, की "चिन्ह काढून टाक" हाच नियम मुलांना अडवतो. क्ष ऋण असेल तेव्हा |क्ष| = −क्ष, हे वाचून ती गोंधळतात, कारण −क्ष त्यांना ऋणच वाटतो. क्ष −४ असेल तर −क्ष ४ होतो, एवढं कुणी थांबून सांगत नाही.

पालकांनो, घरी "उत्तर काय?" असं विचारू नका. "कुठून कुठवरचं अंतर?" असं विचारा. |क्ष − ७| < ३ म्हणजे ७ पासून तीनच्या आत: ४ ते १०, टोकं सोडून. |क्ष + ४| दिसलं की मुलं हमखास ४ पासून मोजतात. तिथे क्ष − (−४) असं लिहायला लावा. मोजायचं उणे ४ पासून. उभ्या रेघांची ही खूण जर्मन गणितज्ञ कार्ल वायरश्ट्रास यांनी १८४१ मध्ये वापरली, हे ऐकून माझी ही विद्यार्थिनी चकित झाली होती. रेघा कुणा माणसाने ठरवलेल्या आहेत म्हटल्यावर त्यांचा धाक जरा उतरतो.

शेवटच्या भेटीत मी |क्ष − ७| = |क्ष + ४| दिलं. शाळेत याच्या चार शक्यता मांडून पानभर सोडवतात. तिने रेघेवर दोन घरं काढली, मध्ये बोट ठेवलं.

"दोघींनी सारखंच चालायचं असेल तर दीडवर भेटायचं. साडेपाच-साडेपाच."

आईला वाटलं, ती कुठेतरी जायचं ठरवते आहे.